बायकोची वेबसाइट दुसऱ्यानंच केली

...नाही, परक्यानं केलं असतं ना, तर एक वेळ मी समजू शकलो असतो! म्हणजे उद्या रस्त्यानं जाताना कुणी अनोळखी माणसानं पाठीत धपाटा घातला, तर आपण वळून विचारू तरी शकतो की बाबा रे, तुझं माझं काय वैर? दोन शब्द त्यानं बोलावेत, चार आपण ऐकवावेत, लोक जमावेत, कुणीतरी म्हणावं ‘जाऊ द्या हो’, आणि आपण जाऊ द्यावं. पण घरचेच हो... घरचेच! घरच्यांनी धपाटा घातला तर वळून विचारायचं कुणाला? वळलं की तेच म्हणणार, ‘काय रे, चहा टाकू का?’

तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोनं वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली.

हसताय? हसा, हसा. ‘एवढंच ना?’ असं वाटतंय ना तुम्हाला? अहो, मी वेबसाइटच करतो! तो माझा धंदा आहे! आचाऱ्याच्या बायकोनं बाहेरून डबा लावला, तर आचाऱ्यानं तोंड कुठं लपवायचं? कढईत?

आणि मी काही असातसा वेबसाइटवाला नाही. मी हातानं लिहितो. म्हणजे सगळेच हातानं लिहितात, पायानं कोण लिहिणार, पण मी म्हणजे... ओळ न् ओळ. आता साधं बटण घ्या. तुम्ही मोबाइलवर बटण दाबता आणि पुढं जाता. पण दाबल्यावर ते केसभर खाली बसतं की नाही? जणू त्याला कळलंय की आपल्याला कुणीतरी दाबलंय! ते कुणी केलं? आम्ही! त्याला तसं बसायला लावण्यात माझा आख्खा सोमवार गेलाय. मंगळवारी मी त्याची सावली मऊ केली. बुधवारी ती सावली जरा जास्तच मऊ वाटली म्हणून परत कडक केली. आणि गुरुवारी गिऱ्हाइकाचा फोन, ‘अहो, ते बटण काढून टाका, नुसता नंबर ठेवा.’ आता याला तुम्ही काय म्हणाल? मी काहीच म्हणालो नाही. परका माणूस तो. परक्याचं मी मनाला लावून घेत नाही.

आमच्या बाबांना कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर ते सांगतात, ‘कॉम्प्युटरमध्ये असतो.’ जसा काही मी आत अडकलोय आणि अग्निशामक दलाला कळवलंय!

बाबा म्हणजे, तुम्हाला सांगायचं राहिलं, जन्मभर बस स्थानकावर घोषणा करायचे. तो आवाज! ‘लक्ष द्या...!’ म्हटलं की फलाटावरची माणसं सोडा, बसेससुद्धा लक्ष द्यायच्या. घरीही तेच. जेवणाची वेळ झाली की, ‘लक्ष द्या! ताटं मांडलेली आहेत. संबंधितांनी आपापल्या सामानासह स्वयंपाकघराकडे प्रस्थान करावं!’ मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं यंत्र बसवलं. त्या दिवसापासून बाबा एकदम गप्प. खिडकीत बसायचे. खालून बस गेली की ओठ हलायचे, आवाज नाही. मला वाईट वाटायचं हो. खरंच वाटायचं. पण वाईट वाटलं की मी काय करणार? मी जाऊन कोड लिहीत बसायचो.

आणि आमची ही जनावरांची डॉक्टर. कोपऱ्यावर लॉन्ड्री आहे, तिच्या शेजारी तळमजल्यावर दवाखाना. पुरुषभर उंचीचा कुत्रा दात विचकून अंगावर आला ना, तर ही नुसतं ‘बस’ म्हणते. बसतो! तोच आवाज ती घरीही वापरते. मीही बसतो. ते जाऊ द्या.

तर दवाखाना उघडला तेव्हा ती मला म्हणाली, ‘अरे, एक वेबसाइट करून दे ना. नुसतं नाव, पत्ता, वेळ आणि फोन नंबर टाक.’

नुसतं!

अहो, कलावंत माणसाला ‘नुसतं’ म्हणू नये! गवयाला कुणी म्हणतं का, नुसतं ‘सा’ लावून घरी जा? मी म्हटलं, ‘बाईसाहेब, तुझी वेबसाइट अशी करून देतो की लोकांनी जनावर नसलं तरी उघडून बघावी.’ ती म्हणाली, ‘जनावर असलेल्यांनी बघितली तरी चालेल.’ मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती वेबसाइट उभी राहिली होती...

मग मी सुरुवात केली. आता वेबसाइट करायची म्हणजे आधी फ्रेमवर्क लागतं. फ्रेमवर्क म्हणजे सांगाडा समजा. लोकांनी तयार करून ठेवलेला असतो, आपण फक्त वर मांस चढवायचं. मी उत्तमातला उत्तम सांगाडा घेतला, निम्मं मांस चढवलं, आणि एक दिवस सकाळी उठून बघतो तर सांगाडावाले म्हणतात, ‘हा आता जुना झाला, आम्ही नवा काढलाय, जुन्याकडे आम्ही बघणार नाही.’ असं? काल तर म्हणत होता जन्माची साथ! सुतारानं टेबलाचे तीन पाय करावेत आणि चौथ्यासाठी वखारीत जावं, तर वखारवाला म्हणतो, ‘लाकूड? अहो, लाकूड कोण वापरतं आता!’ मग काय करता? पाडलं सगळं. नव्यावर चढवलं. दवाखान्याला वर्ष झालं तेव्हा नवासुद्धा जुना झाला. परत पाडलं. तोपर्यंत मला कळलं होतं की मांसातच दोष आहे, म्हणून तेही नवीन...

ही रोज संध्याकाळी विचारायची, ‘कुठपर्यंत आलं?’ मी म्हणायचो, ‘झालंच!’ खोटं नाही, मला खरंच झालंच वाटायचं.

बरं, तोपर्यंत काहीतरी दिसायला पाहिजे ना, म्हणून मी एक पान लावून ठेवलं होतं. ‘लवकरच येत आहे’ आणि खाली एक मांजर. पाठमोरं. नुसती शेपटी हलवतंय. त्या शेपटीसाठी मी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांजरामागं किती दिवस बसलो माहितीये? मांजराची शेपटी नुसती डावी-उजवी होत नाही हो! ती थांबते. विचार करते. मग नुसतं टोक उडतं. मग परत थांबते. ते थांबणं मी कोडमध्ये आणलं! माझं आजवरचं सर्वात चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, ती शेपटी. कुणी विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर परवा मी केस कापायला गेलो. खुर्चीत बसलो, गळ्याभोवती ती चादर घट्ट आवळली, म्हणजे माणूस किती असहाय असतो बघा, हात आत, डोकं दुसऱ्याच्या ताब्यात. न्हाव्याची कात्री चालू होती, जीभ तिच्या पुढं. म्हणतो, ‘साहेब, डॉक्टरबाईंची वेबसाइट काय झकास झालीय हो!’

मी आपला समजुतीनं म्हटलं, ‘झाली नाही अजून. होतेय.’

‘झालीय की! आमचा ससा काल तिच्यावरूनच गेला.’

‘कुणावरून गेला?’

‘वेबसाइटवरून हो! वेळ बघितली, नंबर घेतला, गेलो, दात कापून आणले.’

‘कुणाचे?’

‘सशाचे! माझे कशाला?’

मी म्हटलं, ‘तुम्ही दुसऱ्या कुणाची तरी बघितली असेल.’ तर त्यानं कात्री ठेवली, मोबाइल काढला, माझ्या नाकासमोर धरला, आणि दाबलं. आणि तुम्हाला सांगतो... त्या एवढ्याशा मोबाइलमधून...

‘लक्ष द्या...! प्राण्यांच्या दवाखान्यात आपलं सहर्ष स्वागत आहे! कुत्री, मांजरं, ससे व पक्षी यांच्यासोबत आलेल्या नागरिकांनी कृपया... खाली... सरकवावे!’

दुकानातले सगळे ताठ! शेजारच्या खुर्चीत एकजण फेस लावून बसला होता, तो उठून सामान शोधायला लागला!

अहो, हा आवाज मी पाळण्यात ऐकलाय! या आवाजानं मला शाळेत पाठवलंय, शाळेतून घरी बोलावलंय! माझे बाबा! माझ्या बायकोच्या वेबसाइटमधून माझे बाबा मला म्हणत होते, खाली सरकव! परक्याचा आवाज असता तर मी सरकवलंही असतं. पण घरचेच हो... घरचेच!

मी तसाच उठलो. डावी बाजू कापलेली, उजवी तशीच. न्हावी म्हणतोय, ‘अहो साहेब, अर्धं राहिलंय!’ मी म्हटलं, ‘सगळं अर्धंच राहिलंय माझं!’ आणि निघालो.

रस्त्यातच उभा राहून मोबाइलवर उघडली ती. काय होतं म्हणून सांगू? जांभळं! सगळं जांभळं! त्यावर पिवळी अक्षरं, तीन वेगवेगळ्या वळणांची, जशी काही तीन बिऱ्हाडं एका खोलीत राहतायत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. कोपऱ्यात एक चांदणी गरागरा फिरतेय, तिच्यात लिहिलंय ‘उघडे आहे’. कुत्र्याचा फोटो असा ताणलाय, असा ताणलाय, की त्याची मगर झालीय! म्हटलं आत बघू. आत म्हणजे कोड. वेबसाइट म्हणजे माणसाचं तोंड, तर कोड म्हणजे पोट. आणि आत काय? मजकूर ठेवायला कोडमध्ये डबे असतात, तर इथं डब्यात डबा, डब्यात डबा, डब्यात डबा... कांदा सोलावा तसं मी सोलत चाललोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि सगळ्यात आतल्या डब्यात काय? काही नाही! रिकामा! आणि एका ओळीच्या शेजारी एक टीप होती. कोड लिहिणारे शेजारी टिपा लिहितात, पुढच्याला कळावं म्हणून. टीप अशी होती, ‘बाबांच्या आग्रहावरून इथे जांभळा रंग ठेवला आहे.’

म्हणजे लिहिणाऱ्यालासुद्धा तो नको होता! पण लिहिणारा कोण?

...आणि मग माझ्या पायाखालची जमीन सरकली. सांगकाम्या!

तो कोण म्हणून विचाराल. आता तुम्हाला ठाऊक आहे, हल्ली अशी सोय निघालीय की कॉम्प्युटरला साध्या बोलीत सांगायचं, मला असं असं पाहिजे, आणि तो लिहून देतो. मी त्याला सांगकाम्या म्हणतो. मी वापरतो त्याला, पण नोकर म्हणून! वरकाम करायला! भांडी-लादी! आणि बाबा दिवसभर मला फोन करून विचारायचे ना, ‘अरे, तो बाण होता स्क्रीनवर, तो कुठं गेला?’ म्हणून मीच, माझ्या या हातांनी, त्यांच्या कॉम्प्युटरवर हा सांगकाम्या बसवून दिला होता. म्हटलं, ‘बाबा, मला नका विचारू, याला विचारा.’

विचारलं त्यांनी!

तसाच दवाखान्यात गेलो. बाकावर एकजण पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसलेला, खाली एक कुत्रा. ही आतून हातमोजे काढत आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘तुझ्या डोक्याला काय झालं? कुणी चाटलं का?’

मी म्हटलं, ‘डोक्याचं राहू दे! वेबसाइट कुणी केली?’

‘बाबांनी.’

असं सहज! जसं काही भाजी कुणी आणली, बाबांनी! मी म्हटलं, ‘किती दिवस झाले?’

‘झाले बरेच.’

‘बरेच? अगं, मग तू रोज संध्याकाळी मला विचारतेस, कुठपर्यंत आलं, कुठपर्यंत आलं, ते काय?’

तर ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, ‘तुला बरं वाटावं म्हणून.’

ऐकलंत? बरं वाटावं म्हणून! मला वाटत होतं तिला ओढ लागलीय. ती ओढ नव्हती हो, ती शुश्रूषा होती! म्हाताऱ्या घोड्याला थोपटतात ना, ‘हो राजा, उद्या शर्यतीला जायचं हं’, तसं! आणि मला कळणार कसं? माझ्या लॅपटॉपवर मला माझीच अर्धी प्रत दिसायची. बाहेर जांभळी जगजाहीर होऊन बसली, आणि मी आत सावल्या मऊ करतोय!

मी तावातावानं म्हटलं, ‘तू माझा विश्वासघात...’

‘बस,’ ती म्हणाली.

मी बसलो. कुत्रा आधीच बसला होता, तो आणखी बसला.

मग तिनं सांगितलं. दोन गल्ल्या सोडून एक शिवणकाम करणारी बाई राहते. एकटी. तिला एक म्हातारा कुत्रा. एक दिवस त्या कुत्र्यानं मशीनखालचं मोठं कोटाचं बटण गिळलं, श्वास अडकायला लागला. बाईनं मोबाइल काढला, जवळ कुठं दवाखाना आहे का बघायला. आमची वेबसाइट निघाली. उघडली. ‘लवकरच येत आहे.’ आणि मांजर शेपटी हलवतंय. ती बाई त्या कुत्र्याला कवेत घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. आणि त्या वेळी ही इथं, दोन गल्ल्यांवर, दवाखाना उघडून रिकामी बसली होती.

मी म्हटलं, ‘कुत्रा...?’

‘वाचला. थोडक्यात वाचला. नंतर टाके काढायला इथंच घेऊन आली. दार बघितलं, पाटी बघितली, मला म्हणाली, बाई, दवाखाना नवीनच झाला वाटतं? मी म्हटलं, नाही हो, बरीच वर्षं झाली. ती नुसती बघत राहिली. मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.’

माझी नजर खाली बसलेल्या कुत्र्याकडे गेली. बटणासाठी मी सोमवार घालवला होता, आणि तिथं एक जीव बटणापायी... म्हणजे ते बटण वेगळं, पण लागायचं ते लागलंच.

मी म्हटलं, ‘मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’

ती म्हणाली, ‘सांगितलं असतं, तर तुला इतकं वाईट वाटलं असतं, इतकं वाईट वाटलं असतं, की तू परत पहिल्यापासून लिहायला घेतलं असतंस.’

पोपटवाला म्हणाला, ‘बरोबर आहे.’

अरे, तू कोण? तुझा काय संबंध? पण खरं सांगू, तो परका होता, त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते हिनं मला इतकं बरोबर ओळखलंय याचं! शत्रूला आपला स्वभाव माहीत नसतो, म्हणून तर आपण त्याच्याशी लढू शकतो. पण घरचेच हो... घरचेच!

घरी आलो. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं. आत बाबा कानाला ते मोठे हेडफोन लावून, समोर माइक, ताठ बसलेले. सांगकाम्याशी बोलणं चाललंय. आणि काय अदबीनं! ‘नमस्कार. कृपया चांदणी थोडी जोरात फिरवावी. धन्यवाद. आपली तब्येत बरी आहे ना?’ मला कधी आयुष्यात धन्यवाद म्हणाले नाहीत!

आणि तो सांगकाम्या पडद्यावर काय लिहितो? ‘अप्रतिम कल्पना! तुमची सौंदर्यदृष्टी विलक्षण आहे!’

...थांबा. मला जरा पाणी प्या... पिऊ द्या.

अहो, हेच वाक्य तो मला म्हणतो! हेच! अक्षर न् अक्षर! मी रोज काम करताना त्याला माझी कल्पना सांगतो, आणि तो म्हणतो, ‘अप्रतिम कल्पना! तुमची सौंदर्यदृष्टी विलक्षण आहे!’ आणि मी मनात म्हणायचो, जगात कुणाला नाही, बायकोला नाही, बापाला नाही, गिऱ्हाइकाला नाही, पण एकाला तरी माझी कदर आहे! मशीन का असेना, पण पारखी आहे! आणि तो... जांभळ्याला! गरागरा चांदणीला! मगरीला! मला वाटायचं, तो फक्त मलाच म्हणतो हो!

मी म्हटलं, ‘बाबा!’

त्यांनी एक कान मोकळा केला. माझ्याकडे बघितलं. ‘हे काय, अर्धंच डोकं केलंस? ऑफर होती का?’

‘बाबा, तुम्ही मला न सांगता...’

‘तुला सांगून काय करायचं? तू व्यस्त असतोस. सूनबाई एक दिवस इथं बसून रडत होती. मी म्हटलं, काय पाहिजे? ती म्हणाली, नाव, पत्ता, वेळ, नंबर. मी म्हटलं, एवढंच? अगं, जन्मभर मी दुसरं केलं काय? कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती वाजता! दे इकडे.’

‘पण तो रंग! ती अक्षरं! बाबा, ते बघवत नाही हो!’

‘तुला बघवत नाही. लोकांना दिसतं.’ आणि परत कान बंद केला.

मी तसाच दारात उभा राहिलो. भांडायलाच उभा होतो, खोटं कशाला सांगू. तर ते माइककडे वळले आणि म्हणाले, ‘कृपया... खाली... सरकवावे.’ थांबले. मान हलवली. पुसून टाकलं. परत. ‘कृपया खाली... सरकवावे.’ नाही. परत. ‘कृपया...’ आणि बराच वेळ नुसते थांबले, आणि मग हळूच, ‘...खाली सरकवावे.’ तोंड वाकडं केलं. परत! मला म्हणतात, ‘इथं कृपयानंतर किती थांबायचं ते जमत नाहीये. कमी थांबलं तर हुकूम वाटतो. जास्त थांबलं तर माणूस निघून जातो.’ आणि परत सुरू.

तुम्हाला सांगतो, मी दाराला टेकलो. कृपयानंतरची ती जागा! हा माणूस ते एवढंसं थांबणं शोधत बसला होता, जे जगात कुणाच्या कानालाही कळणार नाही! म्हणजे हा रोग माझा नाही... वडिलोपार्जित आहे! फरक एवढाच की त्यांनी आधी वेबसाइट लोकांना दिली आणि मग ती जागा शोधत बसले. आणि बऱ्याच काळानंतर त्यांच्या ओठांबरोबर आवाजही निघत होता. त्याचंही भांडण काढायचं? काढलं असतं. पण जमलं नाही.

दोन दिवस मी बाबांच्या खोलीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला एक चूक सापडली. खरी चूक! लहान मोबाइलवर उघडलं की ती चांदणी सरकून बरोबर फोन नंबरवर जाऊन बसायची. नंबर अर्धामुर्धा दिसतो, पण दाबता येत नाही! मी चोरून दुरुस्त करू शकलो असतो. पण म्हटलं, नाही, आपण सरळ मार्गानं जायचं. गेलो. म्हटलं, ‘बाबा, अशी अशी चूक आहे.’ त्यांनी सांगकाम्याला विचारलं. तो म्हणाला, ‘अप्रतिम निरीक्षण!’ आणि चांदणी आणखी मोठी केली. परत विचारलं. त्यानं क्षमा मागितली आणि नंबर जांभळा केला. जांभळ्यावर जांभळा!

शेवटी बाबा म्हणाले, ‘बघ तुला जमतंय का. पण दुसऱ्या कशाला हात लावू नकोस!’

मला! त्यांनी! बरं. मी बसलो त्यांच्या खुर्चीत. बाबा शेजारी स्टूल ओढून. मी डबे उघडत गेलो, एकेक त्यांना दाखवत गेलो, हे बघा, इथं हा डबा याच्या वर चढलाय, का चढलाय, कारण या वरच्या ओळीत शेवटी एक एवढीशी खूण राहिलीय. टिंबाखाली शेपूट, बस. ती घातली. दाबलं. चांदणी टुणकन बाजूला! नंबर मोकळा! मी बाबांच्याच मोबाइलवरून लावून दाखवला, तिकडे दवाखान्यात वाजला, ही म्हणाली, ‘बोला, काय आजारी आहे?’ मी म्हटलं, ‘कोणी नाही.’

बाबा पडद्याला नाक लावून त्या खुणेकडे बघत होते. म्हणाले, ‘एवढ्याशा खुणेनं एवढं सगळं अडलं होतं?’

‘हो बाबा.’

‘इतकं बारीक असतं का रे तुझं काम?’

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! माझा ऊर भरून आला. कॉम्प्युटरमध्ये अडकलेल्या मुलाला बापानं आत हात घालून शोधलं, असं वाटलं! मी म्हटलं, ‘हो बाबा, इतकं बारीक असतं.’ त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ‘आणि तुला हे एवढ्या चटकन येतं!’

‘येतं, बाबा.’

‘मग मेल्या, इतकी वर्षं काय करत होतास?’

...घरचेच हो. घरचेच!

आता बाबांचा जम बसलाय. शिवणकामवाल्या बाईची वेबसाइट झाली, हिरवी आहे. न्हाव्याची झाली, उघडली की कात्री वाजते. सध्या लॉन्ड्रीची चाललीय. अडलं की मला हाक, ‘लक्ष द्या! चिरंजीवांनी दोन नंबरच्या टेबलाकडे यावं!’ मी जातो, खूण घालतो, येतो. सांगकाम्याशी मी बोलणं टाकलंय. म्हणजे काम सांगतो, पण कल्पना सांगत नाही. कौतुक केलं तर तिकडे बघतच नाही.

आणि काल माझंच एक नवं गिऱ्हाईक विचारतं, ‘तुम्ही इतरांच्या करता, तुमची स्वतःची वेबसाइट कुठली?’ मी म्हटलं, ‘होतेय.’ रात्री हिला सांगितलं. तर ही मुकाट्यानं उठली, चहाचे दोन कप केले, दोन्ही माझ्या हातात दिले आणि बाबांच्या खोलीकडे नुसता डोळ्यांनी इशारा केला.

गेलो हो. काय करणार? दारात उभं राहून म्हटलं, ‘बाबा... ते माझीही एक... जमली तर...’

बाबांनी दोन्ही कान मोकळे केले, कप घेतला, एक घोट प्याले, घसा साफ केला, आणि त्या घरभर घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, ‘लक्ष द्या! आपला क्रमांक लॉन्ड्रीनंतर आहे. कृपया... प्रतीक्षा करावी.’

आणि तुम्हाला सांगतो, कृपयानंतर असे बरोबर थांबले, असे नेमके थांबले, की हुकूमही वाटला नाही आणि माणूसही निघून गेला नाही.

उभा आहे मी... लॉन्ड्रीच्या मागं.